एकाच गाडीपुरती जागा

लेलंड प्रुइटने लग्न केलं, तेव्हा फ्लिंटमधल्या दोस्तांनी त्याला सरळ बाटगा ठरवलं. उभा जन्म शेव्हरोलेच्या कारखान्यात काढणारा माणूस, आणि बायको केली ती डिअरबॉर्नची, फोर्डवाल्याची लेक! डोलोरेस माहेरून फोर्डची निळी मस्टँग घेऊन आली. लेलंडची शेव्हरोलेची नारिंगी कॅमॅरो दारात होतीच. पहिल्याच आठवड्यात दोघांची पैज लागली: जो आधी दुसऱ्याच्या गाडीत बसेल तो हरला.

कुणीच हरलं नाही. दर शनिवारी सकाळी एकाच घरातून दोन गाड्या निघत आणि हॉटडॉगवाल्याच्या आवारात जात. तिथे शेव्हीवाल्यांची, म्हणजे शेव्हरोलेवाल्यांची, रांग डावीकडे, फोर्डवाल्यांची उजवीकडे. गाड्या समोरासमोर लावायच्या आणि आत मात्र एकाच टेबलाशी बसून खायचं. अशी एकेचाळीस वर्षं. स्वभावाला औषध नाही, दुसरं काय!

मार्चमध्ये डोलोरेस गेली. मोठं घर लेलंडला खायला उठलं, म्हणून त्याने गावाबाहेर लहानसं घेतलं. तिथलं गॅरेज एकाच गाडीपुरतं. दुसरी बाहेर ठेवावी तर हिवाळ्यात बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते लोखंड खाऊन टाकतं.

"डॅड, त्यात विचार कसला करतोस?" ॲरिझोनाहून लेक जनीन फोनवर म्हणाली. "मॉमची विक. तू ती थोडीच चालवणार आहेस!"

बोलणं पटण्यासारखं होतं. कॅमॅरोचा एकेक नट त्याच्या हातचा. शिवाय कॅमॅरो गेली की शनिवारची शेव्हीवाल्यांची रांगही गेली, आणि त्याला माणसं म्हणून उरली होती ती तेवढीच.

मस्टँगला गिऱ्हाईक आलं, ओहायोचा एक ताडमाड गडी. भला माणूस, घासाघीससुद्धा केली नाही. बसायला गेला तर गुडघे स्टिअरिंगला अडले.

"मिसेस ठेंगण्या दिसतात तुमच्या," तो हसून म्हणाला, आणि खालची कळ ओढून त्याने सीट मागे सरकवली.

"उतर!" लेलंड ओरडला. "उतर आधी! नाही विकायची मला."

तो बिचारा गोंधळून निघून गेला. लेलंडने सीट पुढे ढकलून पाहिली. ती सहा ठिकाणी खटकन अडकत होती. त्यातली तिची जागा कुठली, हे काही केल्या त्याला सांगता येईना. तिथेच गॅरेजच्या फरशीवर बसून तो रडला.

ऑगस्टमध्ये कॅमॅरो विकली. पुढच्या शनिवारी तो मस्टँग घेऊन निघाला. सीट अंदाजानेच पुढे ठेवलेली, गुडघे पार अवघडलेले. शेव्हीवाल्यांनी एकच गलका केला. "ए म्हाताऱ्या, वाट चुकलास का?"

तो उजवीकडे वळला. फोर्डवाल्यांनी सरकून जागा दिली. शेजारी हार्लन व्हिटकॉम खुर्ची टाकून बसला होता. डोलोरेसच्या रांगेतला जुना माणूस.

"हार्लन, डोलोरेस सीट कितव्या खाचेत ठेवायची रे? तुला काही आठवतंय?"

"पुढून दुसऱ्या," हार्लन सहज म्हणाला. "वेड्यासारखी हाणायची गाडी, आणि गायची काय! आम्ही सगळेच फिरलोय तिच्याबरोबर. अरे, शेजारची जागा रिकामीच असायची ना."