आक्का उंबऱ्याबाहेर आल्या

"ओरड, पोरी, ओरड. ऐकाया मी हाय की!"

बाळंतिणीच्या खोलीतून हा आवाज आला की भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीला धीर यायचा. आक्का तेलुगू विणकराच्या घरातल्या, विधवा, थोराड बांध्याच्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातांवर जन्मली होती.

आक्का पितात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागावर दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी पेलाभर शिंदी घेत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. पण आक्कांची संध्याकाळ हळूहळू दुपारवर आली, मग सकाळवर. तोंडात सतत लवंग. "आक्का, बरं नाही का?" एवढं विचारलं तरी अंगावर येत. "मला काय धाड भरलीय?" शेजारपाजार कसा असतो, तुम्हांला माहीतच आहे. सगळे बघत, बोलत कुणी नसे.

मी तेव्हा शाळामास्तर होतो. बायकोचं पहिलं बाळंतपण. सकाळी कळा सुरू झाल्या तसा आक्कांना घेऊन आलो. त्या दिवशी त्या न पिता आल्या होत्या. "पहिलटकरीण हाय. शुद्धीत ऱ्हायला पायजे," असं माझ्या आईला म्हणाल्या.

दुपार चढली. आतून बायकोच्या किंकाळ्या येत होत्या, पण आक्कांचा आवाज येईना. एकदम दार उघडलं आणि त्या उंबऱ्याबाहेर आल्या. चेहरा घामानं निथळत होता. हात इतके थरथरत होते की त्यांना दार पुन्हा लावता येईना.

"मास्तर, टांगा आना. सात रस्त्याच्या डॉक्टरीणबाईला घिऊन या."

"काय झालं, आक्का?"

"बाळ आडवं हाय. फिरवाया हात थिर पायजेत. माजं न्हाईत."

आई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "अहो, मग घ्या ना घोटभर. थांबतील हात."

आक्कांनी तिला कोपरानं बाजूला सारलं.

"थांबतील की. रोज तसंच थांबवते. आदी थकले म्हनून घ्यायची, मग झोप येत न्हाय म्हनून. आता हात थांबावं म्हनून लागती. वैनी, मला आज कळलं हे. पोरीचा जीव माज्या घोटावर टाकू नका. मास्तर, पळा!"

मी पळालो. डॉक्टरीणबाईंना घेऊन परतलो, तेव्हा आक्का दाराबाहेरच बसल्या होत्या. हात मांड्यांखाली दाबलेले, तोंड दाराच्या फटीशी. "हितंच हाय मी, पोरी. आत्ताच जोर लावू नको."

मुलगी झाली. दोघी वाचल्या. मी सांगायला बाहेर आलो, तर आक्का निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराला कुलूप होतं. होटगीकडे भावाच्या घरी गेल्या म्हणे.

मुलगी मान सावरू लागली तेव्हा बायकोच्या माहेरी निघालो होतो. होटगीला गाडी बदलताना फलाटावर आक्का दिसल्या. पार वाळल्या होत्या.

"सोडली का हो, आक्का?" बायकोनं हळूच विचारलं.

"आज घेतली न्हाय. उद्याचं इचारू नको."

बायकोनं मुलगी पुढे केली. आक्कांनी झटकन हात पदराआड घेतले. मग काय वाटलं कोण जाणे, तिथेच खाली बसल्या, न्हाऊ घालताना बसतात तसे पाय पसरले.

"पायांवर निजव."

मुलगी त्यांच्या नडग्यांवर पडून त्यांच्याकडे टुकुटुकु बघत राहिली. आक्का तेलुगूत तिच्याशी काहीतरी बोलत होत्या. शिट्टी झाली, तसं बायकोनं तिला उचललं आणि आम्ही डब्यात चढलो.

त्यानंतर आक्का आम्हांला कधी भेटल्या नाहीत. गाडी सुटली तरी त्या पाय पसरून तशाच फलाटावर बसलेल्या होत्या.