सहा फर्मे छापून झाल्यावर

कुणाच्याही दारात गेले की बेलीफकाका आधी चपला बघायचे. आमच्या छापखान्याच्या पायरीवरसुद्धा थांबायचे, खाली बघायचे आणि आत न येताच सांगायचे, "मालक जेवायला गेल्यात वाटतं." मालक खरंच जेवायला गेलेले असायचे.

काका कोर्टात बेलीफ होते. समन्सची पिशवी काखेत मारून पेठ वडगावपासून गडमुडशिंगीपर्यंत लुनावर हिंडायचे. "घरात न्हाईत म्हणून सांगत्यात आणि चपला उंबऱ्यातच असत्यात," ते म्हणायचे. "चपलांस्नी खोटं बोलाय कोण शिकवणार?"

आणि ते रहस्यकथा लिहायचे. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर, साहेब बोलावीपर्यंत, बाद झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर. वर्षाला एक कादंबरी. प्रकाशक नाही, जाहिरात नाही. स्वतःच छापून घ्यायचे, गठ्ठे लुनाला बांधायचे आणि एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलपासून नृसिंहवाडीच्या दुकानांपर्यंत स्वतःच पोचवायचे. मात्र ज्याला समन्स द्यायचं त्याला पुस्तक कधी दाखवायचे नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "त्याला वाटंल, घेतलं न्हाय तर ह्यो काय तरी करंल. भिऊन घेतलेलं पुस्तक कोण वाचतंय?"

मी तेव्हा बी.ए. होऊन त्या छापखान्यात प्रुफं तपासत होतो. माझे वडील चळवळीची पत्रकं लिहायचे. घरी उरलेल्या पत्रकांवर मी अक्षरं शिकलो. मी लिहिलेले पहिले दोन शब्द 'जाहीर निषेध' हे होते. असल्या माणसाला रहस्यकथा काय वाटणार? पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सुनावलं, "काका, इथं समाज जळतोय आणि तुम्ही खून कुणी केला ते शोधत बसलाय."

"जळतोय, खरं हाय," ते शांतपणे म्हणाले. "पर पेटवला कुणी, ते बघाय नको व्हय?"

मी पुन्हा प्रुफात डोकं घातलं. हरलो असं मात्र मानलं नाही.

आता छपाईचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे अक्षरांचे शिशाचे खिळे मोजके. सोळा पानं जुळवायची, छापायची, की झाला एक फर्मा. मग तेच खिळे सोडवून पुढची सोळा पानं जुळवायची. म्हणजे छापलं ते छापलं. बेलीफकाकाही तसेच लिहायचे. एक फर्मा यंत्रावर असताना पुढचा बाकावर लिहून होत असायचा.

त्यांच्या सातव्या कादंबरीत वडगावच्या एका गूळ व्यापाऱ्याचा खून होता. सहा फर्मे छापून झाले होते, दोन उरले होते. सातव्याचे कागद काकांनी माझ्या टेबलावर आणून ठेवले आणि त्यात खुनी सापडला. दुकानातला हमाल. गावाबाहेरच्या वस्तीत राहणारा. खून झाला त्या सकाळी तो गाव सोडून पळाला होता, हाच मोठा पुरावा.

मी कागद खाली ठेवले. "मी याचं प्रूफ वाचणार नाही."

"मग घरी जा की," मालक म्हणाले. "तिथं वाच पत्रकं."

"थांबा मालक," बेलीफकाका म्हणाले. "बोलू दे त्याला."

नावं ठेवायची म्हणून का होईना, मी त्यांची आधीची सहाही पुस्तकं वाचली होती. बोटांवर मोजून दाखवलं. "स्वयंपाकी, ड्रायव्हर, राखणदार, माळी, मोलकरीण, गडी. आता हमाल. तुमच्या कोर्टात बडी माणसं येतच नाहीत का?"

"येत्यात की." ते म्हणाले. "पर नोकर खुनी निघाला की वाचणाऱ्याला लगेच पटतं."

"पटतं, कारण तुम्ही तेच छापत आलाय. आणि पळाला म्हणजे खुनी? माझे थोरले चुलते दोन दिवस उसात लपले होते. काखेत पिशवी घेतलेला माणूस दारात आला म्हणून. कागद साधा साक्षीचा होता."

"गाव कुठलं तुझं?"

"गडमुडशिंगी."

ते आपल्या पिशवीकडे बघत राहिले. मग सातव्या फर्म्याचे कागद उचलले आणि पायरी उतरून गेले.

मालक दिवसभर माझ्यावर तापले होते. "सहा फर्मे छापल्यात. हमाल पळाला हे छापलंय, त्याच्याकडं किल्ली होती हे छापलंय. आता काय त्याला कागदातनं पुसतोस?" मलाही वाटलं, आता एक तर त्या हमालाला फाशी होणार, नाही तर एका माणसाची वर्षभराची मेहनत रद्दीत जाणार. तिसरी वाट मला दिसत नव्हती.

चौथ्या दिवशी काका आले. छापलेल्या कागदांची गुंडाळी काखेत होती. तिसरा फर्मा माझ्यापुढं पसरून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "वाच."

पोलीस व्यापाऱ्याच्या भागीदाराकडं जातात, असा तो प्रसंग होता. 'तुमचे शेठ गेले,' ते सांगतात. भागीदार हळहळतो, खुर्ची पुढं करतो, चहा मागवतो.

"काय विचारलं न्हाय त्यानं?"

मी पुन्हा वाचलं. मग लक्षात आलं. शेठ कसा गेला, हे भागीदारानं विचारलंच नव्हतं.

"मी घाईत लिवलेलं. त्याच्या तोंडी तो प्रश्न घालायचा इसरलो," ते म्हणाले. "आजवर ती माझी चूक होती. आता त्याची हाय."

नव्यानं लिहून आणलेले शेवटचे दोन फर्मे मी उभ्यानंच वाचले. मागचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं. हमाल पळाला होता, तो पळालेलाच राहिला, फक्त भिऊन. किल्ली त्याच्याकडं होती, कारण भागीदारानंच ती त्याला सांभाळायला दिली होती. शेवटी तो उसातून बाहेर येतो आणि कोर्टात साक्ष देतो. परिवर्तनावरची भाषणं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. छापून झालेल्या सहा फर्म्यांचा बोजा घेऊन बदलणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला.

पुढं छापखान्यात कॉम्प्युटर आला आणि खिळे मोडीत गेले. काकाही निवृत्त झाले. नवी कादंबरी आली नाही. थकले असतील, असं मी धरून चाललो.

ते गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्या घरी गेलो. काकींनी कपाटातून सहा जुनी पुस्तकं काढून माझ्यापुढं ठेवली. "पेन्शनीत आल्यापास्नं ह्येच करत बसायचे."

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी हातानं लिहिलेले कागद दोऱ्यानं शिवले होते. ड्रायव्हर सुटला होता. राखणदार, माळी, मोलकरीण, गडी, सगळे सुटले होते. प्रत्येक ठिकाणी खरा खुनी छापलेल्या पानांतूनच शोधून काढला होता, ओळीच्या नंबरासकट. राहिली होती पहिली कादंबरी. तिच्या कागदांवर खाडाखोडच खाडाखोड, आणि सगळ्यात शेवटी एवढंच: 'स्वयंपाकी निर्दोष आहे. खरा खुनी अजून सापडलेला नाही.'

"ह्या एकाचं तेवढं राहिलं म्हणायचे," काकी म्हणाल्या.

ते पुस्तक मी त्यांच्याकडून मागून आणलं. सध्या एकेचाळिसाव्या पानावर आहे, हातात पेन्सिल घेऊन.