फिटरमामांचा उलटा हात

सोलापुरात माणसांचा ताप ओळखणारे वैद्य पुष्कळ होते, पण विजेच्या मोटारीचा ताप ओळखावा तो आमच्या गिरणीतल्या फिटरमामांनीच. सकाळी आले की चहाच्याही आधी प्रत्येक मोटारीच्या पाठीला उलटा हात लावून तिची विचारपूस करायचे. सवय इतकी भिनलेली, की पुतण्याच्या लग्नात बोहल्यावरच्या नवरदेवाच्या पाठीला हात लावून मोठ्याने म्हणाले, "पोरगं तापलंय की! जरा बसू द्या त्येला." भटजी मंगलाष्टक विसरले.

या माणसाने माझी नोकरी वाचवली. लांबच्या नव्या माग-खात्यात वीज नेण्याचं काम मी डिप्लोमाच्या तोऱ्यात केलं आणि तिथली मोटार दोनदा जळाली. "तिसऱ्यांदा जळाली, की तुम्ही घरी," मॅनेजरांनी बजावलं. घरी म्हातारी आई, बायको. रोज पॉवरहाऊसात जाऊन मीटर बघायचो. व्होल्ट अगदी बरोबर! मग खोट मोटारीचीच, असं मी ठरवून टाकलं.

"अवो सायेब," मामा म्हणाले, "चुलीवर किती शिजलं ते काय बघताय? हिच्या ताटात किती पडतंय ते बघा की!" सगळे माग चालू असताना त्यांनी दुसरं मीटर आणून मोटारीपाशीच लावलं. काटा भलताच खाली! मी टाकलेली तार बारीक, व्होल्ट वाटेतच गळत होते.

"पण व्होल्ट कमी, तर मोटार थंड राहायला हवी ना?"

"काय बी बोलता! व्होल्ट घटले म्हून माग थांबलेत व्हय? काम तेवढंच हाय. मग ती करंट जादा ओढती अन् तापती. निम्मी ताकद तापण्यातच जाती बघा."

तेवढ्यात मॅनेजर आले. मी चूक कबूल करण्याआधीच मामा म्हणाले, "सायबांनी दोष हुडकला. मीटर हितं लावा, असं त्येंनीच सांगितलं. आता जाड तार टाकतो." मॅनेजरांनी माझी पाठ थोपटली. आणि मी, शहाणा, गप्प राहिलो!

मोटार पुन्हा जळाली नाही. पुढे मी गिरणीचा इंजिनिअर झालो. मामा नोकरी संपवून केमला गावी निघाले, तेव्हा मॅनेजर भाषणात माझ्याकडे हात करून म्हणाले, "आमच्या या साहेबांच्या हाताखाली मामा तयार झाले." मामांनी मान डोलावून हात जोडले. माझी मान मात्र वर झाली नाही. माझ्या घरची चूल त्या माणसामुळे पेटत राहिली. आज उघड सांगतो, दोष मी नाही, मामांनी हुडकला होता. हे त्या सभेत उठून सांगायला हवं होतं. आता सांगतोय, तर ऐकायला मामा नाहीत.