उभ्याने विसावा

हर्कमान राई खिंडीच्या वाटेवर विसावलेल्या प्रत्येक हमालाला हाक मारतो आणि उत्तर आल्याशिवाय पुढे जात नाही. मागे गिर्यारोहक खोळंबतात. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," म्हणत बाकीचे हमाल हसतात.

या चढणीवर ओझं कुणी खाली उतरवत नाही, कारण पुन्हा पाठीवर घेताना कंबर मोडते. टोपलीखाली काठीचा टेकू लावायचा, दरडीला रेलायचं आणि उभ्यानेच दम खायचा.

सात वर्षांपूर्वी त्याचा धाकटा पदम असाच थांबला होता. सकाळपासून डोकं ठणकतंय म्हणत होता.

"तुम्ही व्हा पुढे, बा. आलोच मी."

"ये, पण बसू नकोस. बसलास की संपलास," हर्कमानने बजावलं आणि तो पुढे निघून गेला.

वरच्या चहाच्या टपरीवर वाट पाहता पाहता दुपार कलली, तेव्हा हर्कमान उलटा खाली आला. पदम उभाच होता. कपाळावर टोपलीचा पट्टा, मान खाली.

"सासुरवाडीला निघालायस का रे, इतका रमतगमत?" असं खेकसून त्याने पोराचा हात धरला. हात गार पडला होता.

तोवर हमालांचा अख्खा तांडा पदमच्या बाजूने वर गेला होता. एकाने त्याच्याकडे विडी मागितली होती आणि उत्तर देत नाही म्हणून माजलाय म्हटलं होतं.

काल त्याच वळणावर एक गडी डोळे मिटून रेलला होता. हर्कमानने तीनदा हाक मारली.

"मरू दे ना जरा सुखाने, थेरड्या," तो करवादला.

तेवढं ऐकलं आणि हर्कमान पुढे चालू लागला.