खडूचा डबा

मास्तरांना स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही. शिंप्याचा जन्म खरं तर बैठकीचा. पण हे चार टाके घातले की उठायचे, खिडकीतून डोकावायचे, सुया मोजायचे आणि पुन्हा बसायचे. जीव त्यातल्या त्यात शांत व्हायचा तो आवराआवरीने. बटणांत बटणं, रिळांत रिळं, सारखी वस्तू सारखीत. "माझ्यासारखी दुसरी नाही ते बरं," बायको म्हणायची, "नाहीतर दोघींना एकाच डब्यात कोंबलं असतं."

कापडाच्या कपाटाखाली झुरळं झाली, तेव्हा मास्तरांनी किराणावाल्याकडून झुरळांचा खडू आणला. रेघा ओढल्या, वेष्टण कचऱ्यात टाकलं आणि उरलेला तुकडा कापड आखायच्या पांढऱ्या खडूंच्या डब्यात ठेवून दिला. खडूच तो, आणखी कुठे ठेवणार?

सून कामावर जाताना चार वर्षांची ठमी आजी-आजोबांकडे सोडून जायची. त्या दुपारी ठमीने डब्यातला खडू घेऊन फरशीवर बाहुलीचं घर काढलं. घरातलं मांजर त्या आखलेल्या घराच्या मधोमध लोळत होतं. मास्तर एका झबल्याला काजं करत होते. ठमीच्या बिस्किटाचा चुरा सांडला होता, त्यावर मुंग्यांची रांग निघाली होती. सहज म्हणून मास्तर पाहत राहिले. रांग बाहुलीच्या घराच्या भिंतीपाशी आली, थबकली आणि मागे फिरली. दुसरीकडून आली, तिथूनही फिरली.

मास्तरांच्या हातातली सुई गळून पडली.

"ठमे, तोंडात घातलास का खडू?"

"हो."

"खाल्लास?"

"बाहुलीने खाल्ला. मी चाटून बघितला. नाही, बाहुलीनेच चाटला."

आजी स्वयंपाकघरातून धावत आली. "मिठाचं पाणी पाजते, ओकून टाकेल!"

"थांब, थांब! आधी डॉक्टरांना विचारू." मास्तरांचा अंगठा दोनदा भलत्याच नंबरावर पडला. शेवटी डॉक्टर बोलले. "ओकायला लावू नका, मास्तर. तोंड पुसा, चूळ भरायला लावा, हात साबणाने धुवा, कपडे बदला आणि तिला घेऊन या. आणि हो, त्या खडूचं वेष्टण आणा. आत काय आहे ते मला कळायला हवं."

वेष्टण! कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. आजी ठमीला घेऊन पुढे निघाली आणि मास्तर अनवाणीच किराणावाल्याकडे पळाले.

"मास्तर, पुन्हा झुरळं?"

"झुरळं गेली खड्ड्यात! तसलंच पाकीट दे. लवकर!"

दवाखान्यात डॉक्टरांनी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, ठमीची जीभ पाहिली, डोळे पाहिले आणि बाकावर बसवून ठेवलं. मास्तर उठबस करत राहिले. ठमी जांभई देई, तर यांना वाटे गुंगी आली. ती गप्प बसे, तर हे तिला हलवून बघत. "ठमे, बोल गं काहीतरी."

"आजोबा, तुमच्या पायात चपला नाहीत."

मास्तरांनी तोंड फिरवून डोळे पुसले. बऱ्याच वेळाने डॉक्टर म्हणाले, "पोटात फारसं गेलेलं दिसत नाही. आज लक्ष ठेवा. उलटी झाली, अंग थरथरलं, तर लगेच आणा. घरात मांजर-कुत्रं आहे का?"

मांजर! ते तर निघताना पंजे चाटत बसलं होतं.

घरी येऊन पाहतात तो मांजर कपाटाखाली लाळ गाळत पडलेलं, कान फडफडत होते. मास्तरांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला, त्याने सांगितलं तसं भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धुतलं, ओरबाडे सोसले आणि टॉवेलात गुंडाळून नेलं. "राहू द्या आज माझ्याकडे," तो म्हणाला. "वाचेलसं वाटतं, पण आत्ता शब्द देत नाही."

संध्याकाळी सून आली. आजी म्हणाली, "अहो, जरा दम धरा. तिला चहा तरी घेऊ द्या." पण मास्तरांनी दारातच सगळं सांगून टाकलं, वेष्टण टाकलं तेही.

सुनेने ठमीला उचलून घट्ट धरलं. मग म्हणाली, "बाबा, मी उद्यापासून हिला पाळणाघरात ठेवू का?"

"ठेव," मास्तर म्हणाले.

सगळेच खडू आता सारखे दिसत होते, म्हणून त्यांनी डबाभर खडू पिशवीत बांधून फेकले. त्या खडूंनी आखलेलं सगळं कापड, झबल्यासकट, धुवायला काढलं. हातमोजे घालून फरशी पुसली, कपाटाखालच्या रेघाही पुसल्या. नवं पाकीट वेष्टणासकट माळ्यावरच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं. खाली उतरले आणि कुलूप ओढून पाहायला पुन्हा चढले.

सकाळी मांजर खायला लागल्याचा फोन आला. मास्तर यंत्रावर बसून होते, यंत्र मात्र बंदच होतं. तेवढ्यात सून ठमीला घेऊन दारात आली. तिने फरशी न्याहाळली, कपाटाखाली वाकून पाहिलं, मास्तरांनी माळ्यावरची पेटी दाखवली तशी स्टुलावर चढून कुलूप ओढून पाहिलं.

"किल्ली कुठे असते?"

मास्तरांनी गळ्यातला दोरा वर काढून दाखवला.

सुनेने ठमीला खाली ठेवलं. "आजच्या दिवस," ती म्हणाली. "दुपारी मी फोन करीन, बाबा."

"दोनदा कर," मास्तर म्हणाले.