सुभेदारकाकांच्या दोन पेट्या

सुभेदारकाका चहासुद्धा चालत चालत प्यायचे. बशी ओट्यावर, कप हातात, आणि स्वतः बैठकीतून जिन्यापर्यंत, जिन्यापासून परत. जिन्याखाली भिंतीवर सोलरचे दोन इन्व्हर्टर होते. काका त्यांना 'पेट्या' म्हणत. प्रत्येक फेरीत पेट्यांसमोर थांबायचं, हिरवा दिवा बघायचा, पत्र्याला हाताची पाठ लावून किती तापलंय ते अजमावायचं, मग पुढे. कुणी म्हटलं, "अहो, बसा की जरा," तर उत्तर ठरलेलं: "बसलेला माणूस आणि बंद मशीन, दोघांना गंज चढतो."

खरं कारण आतल्या खोलीत होतं. काकूंची फुप्फुसं थकली होती. त्यांच्या पलंगाशी ऑक्सिजनचं मशीन सतत घरघरत असायचं आणि त्याची नळी त्यांच्या नाकाशी. फौजेतून निवृत्त झाल्यावर झाशीतच राहायचं ठरवून काकांनी हौसेनं सोलर बसवलं होतं. काकूंचा आजार नंतर आला आणि हौसेची गरज झाली. उन्हाळ्यात इथली वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. त्यामुळे काकूंचा श्वास त्या दोन पेट्यांवर होता, आणि काकांचे पाय म्हणून थांबत नव्हते.

मी लातूरकडचा. नववीनंतर शाळा सुटली. सोलरचे पॅनल उभे करणाऱ्या टोळीबरोबर बुंदेलखंडात आलो. काम संपलं, टोळी पांगली, मी सदर बाजारातल्या एका दुकानात दुरुस्तीवर चिकटलो. दिवसभर हिंदी बोलायचो आणि आपलं काही चुकतंय का याची धास्ती घेऊन फिरायचो. काकांच्या घरी पहिल्यांदा गेलो तेव्हा शिडीवरून पाय निसटला आणि तोंडून "आई गं" निघून गेलं. खालून आवाज आला, "कुठला रे तू?"

त्या दिवशी काकूंनी नळी सावरत स्वयंपाकवाल्या बाईंकडून मला पिठलं करून घालायला लावलं. त्या बाई बुंदेलखंडी. पिठल्यात त्यांनी बडीशेप घातली होती. काकू म्हणाल्या, "मुकाट्यानं खा. पंधरा वर्षं शिकवतेय, तिला बडीशेपच आवडते."

काकांनी शिक्षण विचारलं. मी खाली बघून म्हणालो, "दहावी नाही झाली."

"मग कितवी झाली?"

"नववी."

"तर तसं सांग ना. नववी पास." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी 'नववी पास' झालो. गल्लीतल्या लोकांसमोरही तेच. "हमारे नववी पास आए हैं, अब देखो." आधी लाज वाटायची. मग वाट बघायला लागलो.

एप्रिलमध्ये एक पेटी गेली. उघडली तर आतली सर्किटची पाटी काळीठिक्कर. तसली पेटी बनवणं कंपनीनं कधीच थांबवलेलं, आणि नव्या जातीची पेटी जुनीच्या जोडीला चालत नव्हती. मी म्हणालो, "काका, दोन्ही एकदमच बदलू. दुसरीही त्याच वयाची आहे, आता सगळा भार तिच्यावर येणार."

"चालतंय ते बदलायचं नाही."

"पण बंद पडली तर?"

"चालतंय म्हणतोय ना मी."

काकांनी घराची चौकी केली. वीज गेलेली असताना पाण्याची मोटार बंद. फ्रिज दुपारी बंद. कूलर फक्त काकूंचा, स्वतःला हातपंखा. शेजारच्या मिश्राजींनी टोमणा मारला, "सूबेदार साहब, लड़ाई छिड़ गई क्या?" काका म्हणाले, "छिड़ी तो है." आणि पुढच्या फेरीला निघाले.

मी कामावर जाताना रोज वाट वाकडी करून पेटी बघून जायला लागलो. दुकानात पोचलो की वाटायचं, स्क्रू घट्ट केला की नाही? पुन्हा जायचो. काका दारातच हसायचे. "आलास? तुला आणि मला एकच रोग आहे बघ."

मे महिन्यात, भर दुपारी, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि तासाभरात दुसरी पेटीही गेली. काकांचा फोन आला आणि मी पोचलो तेव्हा काकू ऑक्सिजनच्या सिलिंडरवर होत्या. जोडीला दुसरा सिलिंडर नव्हता, मिश्राजी तो शोधायला स्कूटरवर गेले होते. दुकानातून दोन नव्या पेट्या मी रिक्षात घालून आणल्या होत्या. भिंतीवर लावल्या, जोडल्या, आणि त्या चालू होईनात.

पेटीवरचे आकडे वाचले. मग उमगलं. जुन्या पेट्यांना छतावरचे पॅनल दोन-दोन जोडलेले पुरत होते, नव्यांना सुरू व्हायलाच विजेचा जास्त दाब लागत होता. चार-चार पॅनल एका माळेत जोडायला हवे होते. म्हणजे सगळ्या वायरी सोडून पुन्हा बांधायच्या, आणि त्या उन्हात पॅनलमध्ये वीज उसळत होती.

"पॅनल झाकायला काहीतरी जाड द्या," मी म्हणालो.

काकांनी ट्रंक उघडून फौजेची कांबळी काढली आणि माझ्यामागे जिना चढायला लागले. आतून काकूंचा आवाज आला, अगदी बारीक. "अहो, त्याला करू द्या."

काका पायरीवर थांबले. वर माझ्याकडे बघितलं, खाली खोलीकडे बघितलं. कांबळी माझ्या हातात दिली. "तू कर," म्हणाले. "मी तिच्यापाशी बसतो."

छतावर मी कांबळी पसरली, वायरी सोडल्या, जोडल्या, कांबळी काढून घेतली. एकही वायर दोनदा तपासायची गरज वाटली नाही. खाली आलो, बटण टाकलं. दोन्ही पेट्यांवर हिरवे दिवे आले आणि आतल्या मशीननं घरघर धरली. काका पलंगाच्या कडेला बसले होते. काकूंचा हात त्यांच्या हातात होता. ते उठले नाहीत, लगेच पेट्या बघायलाही आले नाहीत. नुसते म्हणाले, "झालं?"

"झालं, काका."

माझ्यावर असा भरवसा त्याआधी कुणी टाकला नव्हता. नंतर कितीतरी घरांच्या पेट्या बदलल्या. अजूनही काम संपवून रस्त्याला लागलो की पाय मागे ओढतात. पण तेव्हा ते "तू कर" आठवतं, आणि मी पुढे जातो.

आता काका साताऱ्याला मुलीकडे असतात. ते जाण्याआधीची एक सकाळ सांगायची राहिली. थंडीचे दिवस होते. काकांचा फोन आला. मी आधीच पिशवीत पाने-पकडी भरायला लागलो होतो. काका म्हणाले, "लाइट आहे. सगळं चालू आहे. पण तू ये."

घरात शेजारच्या बायका बसल्या होत्या. काकूंच्या नाकाशी नळी नव्हती. ती उशीवर होती, आणि मशीन रिकामंच हवा फुंकत होतं.

"डॉक्टर येऊन गेले," काका म्हणाले. "हे तेवढं बंद करायचं राहिलंय. माझा हात जात नाही रे."

मी वाकून बटण दाबलं. काकांनी प्लग काढला, वायर कोपरावर घेऊन फौजेत गुंडाळतात तशी नीट गुंडाळली आणि मशीनवर ठेवली. मग मशीन माझ्याकडे सरकवलं.

"कुणाला लागत असेल त्याला दे," ते म्हणाले. "पण नुसतं नेऊन ठेवू नकोस. त्यांच्या घरची पेटी आधी बघ."