आण्णांनी ठेवलेला नारळ

तव्यावर भाकरी टम्म फुगलेली असायची आणि आई तिच्याकडे डोळे रोखून विचारायची, “मला न विचारता घर विकलंत तुम्ही?” भाकरी बिचारी काय बोलणार! मग आई तिला उलटायची, फडक्यानं दाबायची आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायची, या वेळी अगदी हळू, दुखावल्यासारखं... माझं बालपण म्हटलं की मला आधी हे आठवतं. भाजल्या ज्वारीचा खरपूस वास, फोडणीतल्या लसणाचा ठसका, आणि आमच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात चाललेलं कुणा परक्या बाईचं भांडण.

आम्ही औरंगाबादला टीव्ही सेंटरच्या बाजूला राहायचो. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. बाबा वाळूजच्या एका कारखान्यात होते. घराचं सगळं वेळापत्रक त्यांच्या शिफ्टच्या बसवर चालायचं. आईचं माहेर फुलंब्रीकडचं. लग्न होऊन ती शहरात आली आणि इथल्या संध्याकाळींच्या प्रेमातच पडली. वर्तमानपत्र आलं की सगळ्यांच्या आधी ‘आजचे कार्यक्रम’ वाचणार ती. कधी व्याख्यानमाला, कधी कविसंमेलन, एप्रिलमध्ये भीमगीतांचे जलसे, नवरात्रात कर्णपुऱ्याची जत्रा... मुशायऱ्यातले निम्मे शब्द तिला कळायचे नाहीत, पण शेजारच्यांच्या माना बघून ती अचूक जागी ‘वाह’ म्हणायची! मी तिच्या पदराला धरून सगळीकडे. थंडीतल्या शालींना येणारा डांबरगोळ्यांचा वास, कुणाच्या मनगटावरचं अत्तर, परतताना गुलमंडीवरची गरम इमरती – या सगळ्यातून माझं शहर तयार झालं. पुढे गल्लीतल्या एका ओळखीच्या बाईंनी आईला हौशी नाटकमंडळींत नेलं आणि ऐकणारी आई बोलणारी झाली.

सगळं छान होतं. अडचण एकच होती – आण्णा.

आण्णा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. देवगाव रंगारीला शेती करायचे. आजोबा लवकर गेले, तेव्हा स्वतःची शाळा सोडून त्यांनी बाबांना शिकवलं होतं. बाबा त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नसत, मग उलट बोलणं तर लांबच. आणि आई तर त्यांची धाकटी भावजय. आमच्याकडे थोरला दीर भावजयीशी थेट बोलत नाही. ते दोघं एकाच खोलीत असायचे, पण त्यांचं सगळं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. “तुझ्या आईला म्हणावं, चहात साखर कमी टाक.” आई हातभर अंतरावर, डोक्यावर पदर घेऊन, तिनं ते ऐकलेलं असायचं, तरी मी निरोप सांगेपर्यंत ती हलायची नाही. मला त्या पोस्टमनगिरीचा भारी अभिमान वाटायचा. तर या आण्णांना बाबांनी सांगून ठेवलं होतं, की आई शिवणाच्या क्लासला जाते.

आणि नेमके आण्णा आले ते नाट्यस्पर्धेतल्या प्रयोगाच्या दिवशी.

हिवाळ्यातला रविवार होता. सकाळच्या एसटीनं ते आले, पिशवीत हुरडा आणि हरभऱ्याचे ढाळे घेऊन. साऱ्या घरभर हिरवा, ओलसर वास पसरला. आईचा चेहरा मात्र उतरला. दुपारी प्रयोग होता, बॅग भरून पलंगाखाली ढकललेली होती. जेवणं झाली. आण्णा लवंडतील, मग आई हळूच निघेल, असा बेत डोळ्यांनीच ठरला... पण आण्णा काही लवंडेनात. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि नाटकातल्या एका काकांनी बाहेरूनच हाक मारली, “वहिनी, चला! मेकअपला उशीर होतोय!”

हुरडा चोळणारे आण्णांचे हात थांबले. ते माझ्याकडे वळले.

“कुठं चालली गं तुझी आई?”

मी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, “नाटकात काम करती, आण्णा. आज प्रयोग हाय.”

  मग आण्णांनी टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली.

“मग मीबी येतो.”

आई रिक्षातून पुढे गेली, आम्ही तिघं मागून दुसऱ्या रिक्षानं. वाटेत औरंगपुऱ्यात आण्णांनी रिक्षा थांबवायला लावली आणि एक नारळ घेतला. कशाला, ते विचारायची बाबांची हिंमत झाली नाही. मला मात्र वाटत होतं, आता आण्णा आईला मंचावरून खाली उतरायला लावणार. उद्यापासून घरात कुणी भाकरीशी भांडणार नाही...

नाट्यगृहात अंधार झाला. पडदा वर गेला. आईच्या डोक्यावर पदर नव्हता. भूमिकेतली ती बाई पदर घेणारी नव्हतीच. मी नाटक पाहिलंच नाही, मी आण्णांचा चेहरा पाहत होते, आणि त्यावर काहीच दिसत नव्हतं. आईनं घर विकणाऱ्या नवऱ्याला ते वाक्य विचारलं. भाकऱ्या करताना इतक्यांदा ऐकलेलं, तरी माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच क्षणी आण्णा उठले.

बाबांनी धरायला पुढे केलेला हात हवेतच राहिला. आण्णा मधल्या वाटेनं सरळ मंचाकडे निघाले. “ओ काका, खाली बसा!” मागून कुणीतरी ओरडलं. विंगेतला प्रॉम्प्टर गप्प झाला. आईनं त्यांना पाहिलं. तिचा हात आपोआप पदराकडे गेला, खांद्यापर्यंत आला... आणि तिथूनच तो परत खाली गेला.

आण्णांनी मंचाच्या कडेला नारळ ठेवला, हात जोडले आणि तितक्याच शांतपणे जागेवर येऊन बसले. देवगावच्या जत्रेत असंच करतात. काम आवडलं, की नाटक चालू असतानाच उठून मान करायचा. शहरात तसं चालत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. प्रेक्षागृहात हसू पसरलं. आईनं ते विरू दिलं आणि पुढचं वाक्य उचललं. तेव्हा मला तिचा जो अभिमान वाटला, तसा त्यानंतर कुणाचाही वाटलेला नाही.

प्रयोग संपल्यावर आम्ही बाहेर आवारात उभे होतो. आई रंग पुसून, पदर घेऊन आली. आण्णांचे डोळे लाल झाले होते. ते माझ्याकडे वळले.

“तुझ्या आईला सांग, लई चांगलं काम केलं. माझं डोळं भरून आलं.” मी आनंदानं आईकडे वळतच होते, तेवढ्यात ते म्हणाले, “अन् सांग, आता बास म्हणावं. घरची सून हाय ती. मान झाला, आता बास.”

तो निरोप माझ्या तोंडून निघेना. आई खाली बघत होती. तिच्या कानाजवळ थोडा रंग राहिला होता.

“पोरीला मधी घालू नका, आण्णा,” बाबा म्हणाले. “बास व्हायचं नाय ते. पुढच्या नाटकालाबी या तुमी.”

आण्णांनी बाबांकडे असं पाहिलं, जणू समोर कुणी अनोळखी माणूस उभा आहे. मग “बरं” म्हणाले, आणि तिथूनच बस स्टँडला गेले.

स्पर्धेत नंबर आला नाही. मंडळींतल्या काहींनी त्याचं खापर नारळावर फोडलं. आई त्यानंतर कितीतरी नाटकं करत राहिली. आमच्या संध्याकाळी भरलेल्याच राहिल्या – तालमी, चहाचे कप, पाहुणे, गाणी. पण आण्णा पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. सणावाराला बाबा एकटेच गावी जाऊन यायचे. आईच्या प्रत्येक प्रयोगाला मात्र बाबा लवकर जाऊन बसत आणि शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकत. कुणी विचारलं, तर म्हणत, “येनार हायेत.”

गेल्या पावसाळ्यात आण्णा गेले.

या हिवाळ्यात आईनं एका नाटकात छोटंसं काम केलं. आता तिला वाक्यं पाठ व्हायला वेळ लागतो, पण उत्साह तोच. मी आणि बाबा लवकर पोचलो. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि सवयीनं शेजारी टाकला. हळूहळू सगळ्या खुर्च्या भरल्या. काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ आमच्या रांगेशी थांबले.

“इथं कोनी हाय का?”

बाबा पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी रुमाल उचलला, नीट घडी केली आणि खिशात ठेवला.

“नाय,” ते म्हणाले. “बसा तुमी.”